गरोदरपणात मासे खावेत का? खावेत, आणि लहान खावेत

सप्टेंबर लागला की अंगणवाडीच्या भिंतीवर पोषण महिन्याची पोस्टरं लागतात. २०१८ पासून दरवर्षी हे चालू आहे. गरोदर बाईच्या ताटात काय काय असावं याची चित्रं त्यावर असतात: डाळ, पालेभाजी, दूध, अंडं आणि बहुधा एका कोपऱ्यात मासा. डाळीबद्दल, भाजीबद्दल कुणाच्या मनात शंका येत नाही. घोडं अडतं ते माशापाशी. सासूबाई म्हणतात, "मासं लई गरम असतंय, पोटुशीला नको." मोबाईलवरच्या व्हिडिओत कुणीतरी सांगतं की माशात पारा असतो, बाळाच्या मेंदूला धोका आहे. दवाखान्यात डॉक्टर "प्रोटीन वाढवा, अंडी-मासे खा" एवढं बोलून पुढचा केसपेपर हातात घेतात. तिन्ही ऐकून घरी आलेली बाई शेवटी वरण-भातच खाते.

मराठवाड्याला समुद्र नाही, पण मासा आहे. पैठणचा नाथसागर, येलदरी, सिद्धेश्वर, माजलगाव, विष्णुपुरी, इसापूर, मांजरा, निम्न तेरणा. या सगळ्या पाण्यांवर भोई आणि कहार समाजाची माणसं पिढ्यानपिढ्या जाळी टाकत आली आहेत. नांदेड, परभणीच्या बाजारात रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम, झिंगे रोज दिसतात. समुद्रातला बांगडाही बर्फातून येतो. म्हणजे मासा हाताशी आहे, खायची सवयही बऱ्याच घरांत आहे. फक्त बाई गरोदर राहिली की नेमका त्याच नऊ महिन्यांत तो तिच्या ताटातून काढला जातो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ज्या घरात मासे चालतात, त्या घरातल्या गरोदर बाईनं आठवड्यातून दोन-तीनदा मासे खावेत, आणि शक्यतो लहान मासे खावेत. असं का, ते आता पायरीपायरीनं पाहू.

माशात असं काय असतं?

सगळ्यात आधी प्रथिनं. बाळाचे स्नायू, आईचं वाढणारं रक्त, बाळाला पोसणारी वार, गर्भाशय हे सगळं प्रथिनांतून घडतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार गरोदर बाईला चौथ्या ते सहाव्या महिन्यात रोज साडेनऊ ग्रॅम आणि शेवटच्या तीन महिन्यांत रोज २२ ग्रॅम जास्तीची प्रथिनं लागतात. जास्तीची म्हणजे तिच्या नेहमीच्या गरजेच्या वर. वाटीभर घट्ट वरणातून साधारण सहा-सात ग्रॅम मिळतात. रोहूच्या १०० ग्रॅम मांसातून १७-१८ ग्रॅम मिळतात, आणि ती पचायलाही हलकी. आठव्या-नवव्या महिन्यात पोट दाबलं जातं, दोन घास जास्त जात नाहीत. अशा वेळी थोडक्यात जास्त देणारं अन्न किती उपयोगी पडतं, हे त्यातून गेलेल्या बाईला वेगळं सांगायला नको.

दुसरं, बी-१२ जीवनसत्त्व. रक्ताच्या पेशी आणि मज्जातंतू घडवायला ते लागतं. ते फक्त प्राणिज अन्नातच असतं. पालेभाजीत नाही, डाळीत नाही, भाकरीत नाही. गरज मायक्रोग्रॅममध्ये मोजावी इतकी बारीक, पण आपल्याकडे तीसुद्धा भागत नाही. या विषयावरचं फार मोलाचं काम महाराष्ट्रातच झालं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. ज्या आयांच्या रक्तात फोलेट (गोळीतल्या फोलिक अॅसिडचंच जीवनसत्त्व) भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सगळ्यात जास्त दिसली. पुढे मधुमेह होण्याची वाट याच प्रवृत्तीतून जाते. लोहाच्या सरकारी गोळीतून फोलिक अॅसिड मिळतं, बी-१२ मिळत नाही. म्हणून गोळी बंद करायची नाही, ती हवीच. तिच्या जोडीला बी-१२ चं काहीतरी ताटात यायला हवं.

भाकरीतलं लोह आणि मासा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. रक्त कमी म्हणजे हिमोग्लोबिन कमी, आणि त्याचं मोठं कारण लोहाची कमतरता. गंमत अशी की आपल्या ज्वारीत, बाजरीत, डाळीत, पालेभाजीत लोह असतं. अडचण ते शरीरात शिरण्याची आहे. धान्यातली फायटेट नावाची द्रव्यं लोहाला धरून ठेवतात आणि त्यातलं बरंचसं तसंच बाहेर पडतं.

इथे मासा दुहेरी काम करतो. त्यातलं स्वतःचं लोह मटणाइतकं जास्त नाही, पण त्याचा एक भाग शरीर सहज उचलतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मांस किंवा मासा त्याच जेवणात असला की भाकरीतलं आणि डाळीतलं लोहही जास्त शोषलं जातं. वर चिंचेचा कोळ किंवा लिंबाची फोड असली तर आणखी भर पडते, कारण आंबट पदार्थ लोह विरघळायला मदत करतात. ज्वारीची भाकरी माशाच्या रश्श्यात चुरून खायची आपली पद्धत रक्तासाठी किती चांगली आहे, हे कुणी मुद्दाम सांगत नाही म्हणून मी सांगते आहे. फक्त जेवण झाल्या झाल्या चहा नको. चहा लोहाची वाट अडवतो. जेवणानंतर तास-दीड तास जाऊ द्यावा.

आणि हे पक्कं लक्षात असू द्या की मासा लोहाच्या गोळीची जागा घेऊ शकत नाही. ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी गरोदरपणात १८० दिवस घ्यायचीच आहे. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घ्यायची नाही, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवायचं.

डीएचए म्हणजे काय, आणि जवसानं ते काम होत नाही का?

माशाबद्दल बोलताना जो शब्द सारखा कानावर पडतो तो ओमेगा-३. ही स्निग्धाची, म्हणजे चरबीची एक जात. त्यातलं गरोदरपणात सगळ्यात कामाचं ते डीएचए. बाळाच्या मेंदूच्या पेशींची आवरणं आणि डोळ्यांतला पडदा यांत ते भरपूर असतं. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचा मेंदू झपाट्यानं वाढतो आणि तेव्हा आईच्या रक्तातून डीएचए ओढून घेतो. जन्मानंतरची दोन वर्षंही ही वाढ चालू राहते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी रोज किमान २०० मिलिग्रॅम डीएचए सुचवलं आहे.

"आम्ही जवसाची चटणी खातो, त्यात ओमेगा-३ असतं ना?" असतं, आणि चटणी चांगलीच आहे, सोडू नका. पण जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या रूपात असतं. कापसाचं उदाहरण घेऊ. बाळाला हवं आहे झबलं. जवस आपल्या हातात ठेवतो शेतातून वेचलेला कापूस. सरकी काढा, सूत काता, कापड विणा, मग शिवा. आपल्या शरीरात ही गिरणी आहे, पण फार छोटी. आत गेलेल्या कापसातला अगदी थोडा भाग झबल्यापर्यंत पोचतो. बायकांच्या शरीरात ही गिरणी पुरुषांपेक्षा जरा बरी चालते, गरोदरपणात आणखी थोडी, तरी ती अपुरीच पडते. त्यातून आपल्या स्वयंपाकात करडईचं, सोयाबीनचं, सूर्यफुलाचं तेल असतं. त्या तेलांत ओमेगा-६ भरपूर, आणि तेही याच गिरणीत आपला माल घेऊन उभं राहतं. मासा मात्र शिवलेलं झबलंच हातात देतो.

याचा परिणाम मोजला गेला आहे. गरोदरपणात ओमेगा-३ घेण्याबद्दलचे ७० अभ्यास एकत्र करून २०१८ साली एक मोठा आढावा निघाला. त्यात सुमारे २० हजार बायका होत्या. चौतीस आठवड्यांच्या आत होणारी बाळंतपणं हजारी ४६ वरून २७ वर आली. यातले बहुतेक अभ्यास कॅप्सूलवर झालेले होते, हे सांगायला हवं. पण जे बाळ साडेसात महिन्यांत काचेच्या पेटीत ठेवायची वेळ येते, ते नऊ महिने पोटात राहिलं तर काय फरक पडतो, हे ज्या घरानं जिल्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात रात्री काढल्या त्याला विचारावं.

आपल्या धरणातल्या रोहू-कटल्यात डीएचए समुद्रातल्या तेलकट माशाइतकं नसतं. बांगडा, तारली यांच्यात ते कितीतरी जास्त असतं. त्यामुळे आठवड्यातल्या दोन-तीन वेळांपैकी एखादी वेळ बांगड्याची किंवा तारलीची असावी. बाकी प्रथिनं आणि बी-१२ साठी आपला गोड्या पाण्यातला मासा अगदी चोख आहे.

मग पाऱ्याचं काय?

ही भीती खोटी नाही. म्हणूनच ती नीट समजून घ्यावी, म्हणजे ती कुठे लागू पडते आणि कुठे नाही हे कळतं.

पारा निसर्गात थोडाफार असतोच. कोळसा जाळल्यानं आणि काही कारखान्यांच्या सांडपाण्यानं तो वाढतो. पाण्याच्या तळाच्या गाळातले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी नावाच्या संयुगात रूपांतर करतात. घातक आहे ते हेच. शेवाळात ते अगदी कणभर असतं. शेवाळ खाणाऱ्या किड्यात थोडं साचतं. असे शेकडो किडे खाणाऱ्या लहान माशात आणखी, आणि असे शेकडो लहान मासे खाऊन दहा-वीस वर्षं जगणाऱ्या मोठ्या शिकारी माशात खूपच. शरीरातून ते लवकर बाहेर पडत नाही, म्हणून वर वर चढत जाताना पाण्यातल्या प्रमाणाच्या लाखो पट होतं. ते वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि घडत असलेल्या मज्जासंस्थेला इजा करतं.

जपानमधल्या मिनामाता या गावाचं उदाहरण त्यासाठी नेहमी दिलं जातं. तिथल्या कारखान्याचं पारा असलेलं पाणी वर्षानुवर्षं खाडीत सोडलं गेलं. १९५६ साली आजाराची अधिकृत नोंद झाली. काही आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, पण त्यांच्या पोटी आलेली मुलं जन्मतःच अपंग होती. पाऱ्याचा भार आईपेक्षा बाळावर जास्त पडतो, हे जगाला तिथं कळलं.

म्हणून अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानं २००१ साली गरोदर बायकांना सावध केलं: मोठे शिकारी मासे टाळा. सल्ला बरोबर होता, पण लोकांच्या डोक्यात एवढंच उतरलं की मासा धोकादायक. बायकांनी सगळेच मासे कमी केले. पुढे इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरातल्या जवळपास १२ हजार बायकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. गरोदरपणात आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी मासे खाणाऱ्या आयांची मुलं आठव्या वर्षी भाषेच्या बुद्धिमापनात मागे पडण्याचं प्रमाण जास्त होतं. अशा अभ्यासात घरची परिस्थिती, शिक्षण यांचाही हात असू शकतो. संशोधकांनी तो हिशोब वजा करून पाहिला, तरी फरक उरला. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर मासा जवळपास रोजचा. तिथल्या आया-मुलांवर अनेक वर्षं लक्ष ठेवूनही मुलांवर ठाम असा वाईट परिणाम दिसला नाही.

शेवटी २०१४ साली अमेरिकेच्या त्याच खात्यानं सल्ल्याचा नवा मसुदा काढला आणि त्यात पहिल्यांदा किमान किती मासे खावेत हे सांगितलं. कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅम. म्हणजे दोन ते तीन वेळा, दर वेळी हाताच्या तळव्याएवढा तुकडा. माशाच्या काट्यासकट वजन करायचं तर एका वेळेला दीड-पावणेदोनशे ग्रॅम.

आपल्या बाजाराला हे लावून पाहू. टाळायचा तो मुशी किंवा मोरी, म्हणजे शार्क. मोठा टूना आणि मोठी सुरमई गरोदरपणात बाजूला ठेवलेली बरी. सुरमईच्या जातीतला किंग मॅकरेल अमेरिकेच्या टाळायच्या यादीत आहे. नव्यानं दिवस गेलेल्या लेकीसाठी खर्चाकडे न बघता सुरमई आणणाऱ्या बापाचं मन मला कळतं, पण त्याच पैशात दोनदा बांगडा आला असता आणि तो तिला जास्त मानवला असता.

आता रोहू-कटल्याकडे या. कटला पाण्याच्या वरच्या थरात तरंगणारे सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात वनस्पती आणि शेवाळ, मृगळ तळाशी कुजलेला पाला. तिघंही दुसऱ्या माशाची शिकार करत नाहीत, आणि वर्ष-दीड वर्षात किलोभराचे झाले की जाळ्यात येतात. साचायला ना साखळी लांब, ना आयुष्य लांब. मरळ आणि शिंगाळा हे मात्र शिकारी. ते खाऊच नयेत असं नाही, पण दर आठवड्याला तेच नकोत आणि फार मोठे नकोत.

बाजारातला सगळ्यात स्वस्त वाटा

गोदाकाठच्या कुठल्याही आठवडी बाजारात मासळीच्या रांगेच्या टोकाला एक बाई ओलं पोतं अंथरून बसलेली असते. तिच्यापुढे मोठा मासा नसतो. बोटाएवढ्या चंदेरी मासळीचे वाटे असतात, त्यात मिसळलेले चार-दोन झिंगे, कुठे शेवाळाची हिरवी काडी चिकटलेली. गिऱ्हाईक आधी पलीकडच्या कटल्याचा भाव विचारतं, परवडत नसेल तर इकडे वळतं. ती बाई अंगठ्याच्या नखानं पोट दाबून घाण काढते, राख लावून दगडावर चोळते, दोन पाण्यांत खळबळते आणि पिशवीत टाकते.

गरोदर बाईसाठी मला विचाराल तर त्या रांगेत हा वाटा सगळ्यात मोलाचा आहे. एक तर साखळीच्या खालच्या पायरीवरचा, म्हणून पारा नगण्य. दुसरं, तो काट्यासकट खाल्ला जातो. मोठ्या माशाचे काटे आपण ताटाच्या कडेला ठेवतो आणि सगळं कॅल्शियम तिथेच राहतं. बारीक मासळीचा काटा शिजून मऊ पडतो आणि पोटात जातो. गरोदर बाईला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि आपल्याकडे दूध विकून चहापुरतं ठेवणारी घरं कमी नाहीत.

बांगलादेशात यावर मोठं काम झालं आहे. तिथल्या मोला नावाच्या बोटभर माशात अ जीवनसत्त्व, लोह, झिंक, कॅल्शियम मोठ्या माशांपेक्षा कितीतरी जास्त असल्याचं दिसलं. रोहू-कटल्याच्या तळ्यातच हा मासा सोडायला शेतकऱ्यांना शिकवलं गेलं. मोठा मासा विकायला, बारीक मासा घरच्या ताटाला. हे काम करणाऱ्या शास्त्रज्ञ शकुंतला हरकसिंग थिलस्टेड यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या माशातलं अ जीवनसत्त्व मुख्यतः डोळ्यांत आणि पोटाच्या भागात असतं. आपल्याकडची प्रत्येक बारीक मासळी मोल्यासारखी असेल असं नाही. तरी डोकं मऊ होत असेल तर ते छाटून टाकू नका. मराठवाड्यात एवढी शेततळी झाली आहेत. त्यातलं पाणी टिकणाऱ्या महिन्यांत हा विचार करण्यासारखा आहे.

करायची पद्धतही सोपी. पसरट पातेल्यात थोड्या तेलावर लसूण-कोथिंबिरीचं वाटण परतायचं, हळद, बेताचं तिखट, चिंचेचा कोळ, दाटपणाला चमचाभर येसर, आणि मासळी घालून काटा बोटानं दाबला तर मोडेल इतकं शिजू द्यायचं. भरपूर तेलात तळला की माशातल्या चांगल्या स्निग्धापेक्षा तळणाचं तेलच जास्त पोटात जातं. रस्सा बरा. अर्धा कच्चा मासा गरोदरपणात अजिबात नको.

सुकट आणि ऊसतोडीचा फड

दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, परभणीतून टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांत पाचवा-सहावा महिना लागलेल्या बायकाही असतात. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, फ्रिज नाही, भाजी रोज मिळत नाही, पहाटे चार वाजता भाकरी थापून कोयता घेऊन निघायचं असतं. तिथं ताज्या माशाचा सल्ला देणं म्हणजे तिची परिस्थिती न बघता बोलणं.

सुकट तिथं चालते. टिकते, हलकी असते, मूठभर पुरते. पाणी उडून गेलेलं असल्यानं वजनाच्या मानानं प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर. दोन गोष्टी सांभाळायच्या. निवडून, कोमट पाण्यात भिजवून दोन-तीनदा धुवायची, म्हणजे रेती आणि मीठ जातं. आणि रक्तदाब वाढलेला असेल, पायांवर-तोंडावर सूज असेल तर खारवलेली मासळी बंद ठेवून आधी तपासून घ्यायचं. बुरशी लागलेली किंवा खवट वासाची सुकट टाकून द्यायची.

"मासं गरम पडतंय"

ही शंका फार जुनी आहे आणि ती मायेपोटी येते, म्हणून तिला उडवून लावू नये. गरम पडणं म्हणजे नेमकं काय होतं असं विचारलं की छातीत जळजळ, तोंड येणं, लघवीला आग, असं उत्तर मिळतं. यातलं बरंचसं माशापेक्षा रश्श्यातल्या तिखटाचं आणि तेलाचं असतं. गरोदरपणात जळजळ तशीही वाढते, कारण वाढलेलं गर्भाशय जठराला वर ढकलतं. तिखट निम्म्यावर आणा, रात्रीऐवजी दुपारी खा. नीट शिजवलेल्या ताज्या माशानं गर्भ पडतो याला कसलाच आधार नाही.

"मासे आणि दूध, बाळाला कोड येईल"

कोड ही शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीनं रंगपेशींवर हल्ला केल्यानं होणारी गोष्ट आहे. खाण्याच्या जोडीशी तिचा संबंध नाही. आयुर्वेदात हे दोन विरुद्ध आहार मानले आहेत आणि बऱ्याच घरांत ते पाळतात. पाळायचं असेल तर दुपारी मासा, रात्री झोपताना दूध. वाद घालून दोन्हींतलं एक बंद पाडण्यापेक्षा हे बरं.

"नदीचं पाणी घाण आहे, त्यातला मासा कसा खायचा?"

हा आक्षेप मला सगळ्यात रास्त वाटतो. छत्रपती संभाजीनगरचं सांडपाणी वाहून नेणारी खाम नदी ज्यानं पाहिली आहे, त्याला हा प्रश्न पडणारच. शहराच्या नाल्याच्या तोंडाशी, औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला पकडलेला मासा घेऊ नये. मासे मरून वर आले असतील तर ते फुकट मिळाले तरी घरात आणू नयेत. विकणाऱ्याला कुठल्या पाण्याचा मासा आहे हे सरळ विचारावं. रोजचा भोई खरं सांगतो, कारण त्याला उद्याही तिथंच बसायचं असतं.

थाई मांगूर घेऊ नये. हा परदेशी मासा पाळायला देशात २००० सालापासून बंदी आहे, तरी तो लपूनछपून पाळला जातो आणि बऱ्याचदा कत्तलखान्याच्या टाकाऊ मालावर वाढवला जातो. देशी मागूर वेगळा, पण दोघांतला फरक प्रत्येकाला ओळखता येत नाही. गरोदरपणापुरते दोन्ही सोडावेत.

लांबून येणाऱ्या मासळीला ती नासू नये म्हणून फॉर्मालिन हे रसायन लावल्याचा गदारोळ २०१८ मध्ये केरळ आणि गोव्यात झाला होता. जवळच्या धरणातून सकाळी निघून दुपारी बाजारात येणाऱ्या माशाला असं काही लावायची गरजच पडत नाही. ताजा मासा ओळखायचा तो कल्ले उचलून: आत लालभडक हवेत, तपकिरी नकोत. डोळे फुगीर आणि स्वच्छ. बोटानं दाबलेला खळगा लगेच भरून यायला हवा.

वासानंच मळमळतं त्यांचं काय?

पहिल्या तीन महिन्यांत जबरदस्ती करू नका. डीएचएची मोठी गरज पुढे आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यात वास सहन व्हायला लागला की सुरू करा. माशाची किंवा झिंग्यांची अॅलर्जी असलेल्या बाईनं अर्थातच खाऊ नये.

माळकरी घरात काय करायचं?

मराठवाड्यात गळ्यात तुळशीची माळ असलेली घरं गावोगाव आहेत, आणि गरोदरपणासाठी माळ उतरवा असं कुणी सांगू नये. बाळाला लागणाऱ्या गोष्टी दुसऱ्या वाटेनं मिळवता येतात, फक्त त्या ठरवून मिळवाव्या लागतात. दूध, दही, ताक यांतून बी-१२ थोडं मिळतं. रक्तातलं प्रमाण एकदा तपासून डॉक्टरांकडून बी-१२ ची गोळी लिहून घ्यावी. डीएचए माशातही मुळात सूक्ष्म शेवाळातूनच येतं, आणि त्या शेवाळापासून काढलेल्या शाकाहारी कॅप्सूल औषधाच्या दुकानात मिळतात. जवसाची चटणी आणि अक्रोड सोबत असू द्यावेत.

मासे खाणाऱ्यांनी कॅप्सूल घ्यायचीच असेल तर एक फरक पाहावा. माशाचं तेल वेगळं आणि कॉड लिव्हर ऑइल वेगळं. दुसरं माशाच्या यकृतापासून काढतात, त्यात अ जीवनसत्त्व खूप असतं, आणि ते जास्त झालं तर गर्भाला घातक ठरतं. गरोदरपणात कॉड लिव्हर ऑइल नको.

बाळंतपणानंतर

बाळंतिणीला आपण डिंकाचे, अळिवाचे, मेथीचे लाडू प्रेमानं करून घालतो. मासा मात्र महिना-सव्वा महिना बंद, कुठे त्याहूनही जास्त. आईच्या दुधात डीएचए किती उतरेल हे तिनं काय खाल्लं यावर ठरतं, आणि बाळाचा मेंदू तेव्हाही त्याच वेगानं वाढत असतो. लोहाची गोळीही बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस चालू ठेवायची असते. साधं बाळंतपण झालं असेल आणि नेहमीचं जेवण पचायला लागलं असेल तर फिक्या रश्श्यातला मासा द्यायला हरकत नाही. सिझेरियन झालं असेल तर डॉक्टर नेहमीच्या जेवणाला हो म्हणतील तेव्हापासून. प्रमाण गरोदरपणातलंच, आठवड्याला दोन-तीन वेळा, आणि टाळायचे मासेही तेच.